सावळारामची अकरा वाक्ये

"काका, सांगा एखादा शब्द," संघपाल सर म्हणाले.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी उभा होतो. चपला दाराबाहेर काढायचा नियम होता. प्राचार्यांच्या केबिनलाही नसलेला मान त्या एका डब्याला होता. मी म्हणालो, "बांध."

सरांनी शब्द टाइप केला आणि एक कळ दाबली. यंत्र थोडा वेळ कुरकुरले, पडद्यावर ओळी सरकल्या आणि खाली आकडा येऊन थांबला. दोनशे चौदा.

"आप्पासाहेबांच्या तीन कादंबऱ्यांत मिळून दोनशे चौदा वेळा 'बांध' आलाय," सर म्हणाले. "तुमच्या कार्डांत किती भरले?"

"दोनशे अकरा."

"म्हणजे जवळपास बरोबर की!" ते मनापासून म्हणाले. मनापासून म्हणाले, म्हणूनच मला जास्त लागले.

बारा वर्षे मी बोटाने ओळ धरून जे मोजत आलो, ते या सत्तावीस वर्षांच्या पोराने चहा गार व्हायच्या आत मोजले होते आणि वर माझी चूक काढली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात बसून मी ते तीन बांध शोधले. सापडले. तिन्ही समोरासमोरच्या दोन पानांवर होते. एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, माझ्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली असणार. मी तीन नवी कार्डे लिहून खोक्यात ठेवली.

मी महिपती बनसुडे, मूळचा बावड्याचा. बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथालय लिपिक. पुस्तक द्यायचे, शिक्का मारायचा, पाने फाडणाऱ्या पोरांवर खेकसायचे. हे झाले पोटापाण्याचे काम. खरे काम दुसरेच होते, आणि ते म्हणजे आप्पासाहेब खरतोडे.

आप्पासाहेब भवानीनगरच्या कारखान्यात ऊस विकास अधिकारी होते. नोकरी करता करता त्यांनी चार कादंबऱ्या लिहिल्या. कालव्याची चारी, पाळीचे पाणी, पाणी सोडणारा पाटकरी, बांधावरची भांडणे, असल्या गोष्टींचीही कादंबरी होते हे आमच्या भागाला त्यांच्यामुळे कळले. मी त्या वाचून वेडा झालो आणि त्र्याऐंशी साली स्वतः एक कादंबरी लिहून पुण्याच्या प्रकाशकाला धाडली. ती रजिस्टर पोस्टाने परत आली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. 'भाषा सफाईदार आहे, परंतु खरतोडे यांची नक्कल वाटते.'

नक्कल! कुणी कानाखाली मारली असती तरी चालले असते. मी ठरवले, हा माणूस नेमका कशाचा बनला आहे ते शोधून काढायचे. म्हणजे निदान कशाची नक्कल करायची नाही ते कळेल. ग्रंथालयात जुन्या सूचीची बाद कार्डे पोत्याने पडली होती, मागच्या बाजूने कोरी. त्यावर मी आप्पासाहेबांचा एकेक शब्द उतरवायला लागलो. शब्द, पान, कोण बोलले, कुणाला बोलले. बांध, चारी, वाफसा, खुरपे, पाचट. बुटांची एकोणीस खोकी भरली. मोठे, वजनदार, मातीतले शब्द तेवढे घेतले. बारीकसारीक शब्दांकडे पाहिलेच नाही. गावाची शिरगणती करताना कुणी मुंग्या मोजतो का?

माझी बायको बानू बारा वर्षे एकच विचारत होती. "अवो, मोजून झाल्यावर काय करायचं हाय ह्याचं?"

"लेख लिहायचाय."

"मग लिवा की. मोजताय कशापायी?"

तिला काय सांगणार? पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. दुसरी कादंबरी मी कधी लिहिलीच नाही. मोजणे सोपे होते.

महिन्यातून एका रविवारी मी एसटीने भवानीनगरला जायचो. आप्पासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाला होता. मी ओट्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचो. अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. ते मध्येच म्हणायचे, "मागची वळ परत वाच रं." मी वाचायचो. त्यांनी मला माझ्या कार्डांबद्दल कधी काही विचारले नाही. मला वाटायचे, मोठा माणूस आहे, मनात ठेवत असेल.

आणि मग पंचाण्णव साली हे संघपाल सर मराठी विभागात आले. याच कॉलेजात शिकलेले. वडील कचरूबाबा माळेगावच्या साखर कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायला होते. पोरगा हुशार, रोज दोन पुस्तके न्यायचा. आप्पासाहेबांची पहिली कादंबरी त्याच्या हातात मीच दिली होती, शिक्का मारून. तोच आता पुण्याहून नवी विद्या शिकून आला होता. लेखकाचे सगळे लेखन कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि त्याची शैली शब्दांच्या संख्येवरून, सवयींवरून तपासायची. कुणीतरी मित्राने प्रोग्रॅम लिहून दिला होता. विद्यापीठाकडून त्याला मंजुरीही मिळाली होती. आणि महाराष्ट्रातले एवढे लेखक सोडून याने निवडले कोण, तर आमचे आप्पासाहेब. माझ्या आयत्या पिठावर रेघोट्या.

त्यांना पहिल्यांदा भवानीनगरला मीच घेऊन गेलो. तेवढा मोठेपणा मी केला. आप्पासाहेबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाले, "या संघपालराव, वर बसा खुर्चीवर. महिपती, आत सांग च्या टाकायला."

दहा वर्षे मी त्या ओट्यावर सतरंजीवर बसत होतो. खुर्ची आहे हेच मला माहीत नव्हते. आत जाऊन मी चहा सांगितला, पण बाहेर यायला मुद्दाम उशीर केला. बाहेर आप्पासाहेब विचारत होते, "म्हंजे मी किती शब्द वापरलं ते सगळं ह्येच्यात कळंल? मला बी म्हाईत न्हाय ते?" आणि हसत होते. माझ्यासमोर ते असे कधी हसले नव्हते. परतीच्या एसटीत सर शेजारी बसून उत्साहाने काहीबाही बोलत होते आणि मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. त्यांचे वय, त्यांचे शिक्षण, त्यांची इस्त्रीची घडी, सगळ्यावर जळत होतो. एकदा तर मनात त्यांच्या जातीवरून एक जुना घाण शब्द येऊन गेला. ओठांवर आला नाही, पण आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसाला मी स्वतः पुस्तके देऊन मोठा होताना पाहिला, त्याच्याबद्दल.

तरीही मी गप्प राहिलो असतो. पण शहाण्णवच्या पावसाळ्यात आप्पासाहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार म्हणून इंदापुरात अमृतमहोत्सव समिती झाली. गौरवग्रंथ निघणार होता. मी तीन महिने खपून कार्डांवरून लेख लिहिला. 'आप्पासाहेबांचा शब्दसंसार', पाने चौदा. समितीचे उत्तर आले. 'याच विषयावर प्रा. संघपाल यांचा संगणकाधारित लेख येत असल्याने आपला लेख घेता येत नाही. कार्यक्रमाला सहकुटुंब उपस्थित राहून शोभा वाढवावी.'

पत्र वाचून बानू म्हणाली, "शोभा वाढवायला बोलावलंय की. जाऊ की. माझी नवी साडी तशीच पडलीय."

मी पत्र फाडले नाही. घडी करून खिशात ठेवले आणि दिवसभर मधूनमधून वाचत राहिलो. दात दुखतो म्हणून शाळेतल्या पोराने त्यावरच जीभ फिरवत राहावी, तसे.

त्याच आठवड्यात सर माझ्या काउंटरवर आले.

"काका, एक अडचण आलीय. पहिली कादंबरी राहिलीय, 'एकतीस नंबरची चारी'. आपल्या ग्रंथालयातल्या प्रतीचं चौथं प्रकरण वाळवीनं खाल्लंय. आप्पासाहेबांकडं स्वतःची प्रतच न्हाय. तुमी ती हातानं उतरवून घेतलीय म्हणत होता न्हवं?"

उतरवून घेतली होती. चौऱ्याऐंशी साली, वाळवी लागायच्या आधी, दोनशे पानी दोन वह्यांत, अख्खी. हात बसावा म्हणून.

"अक्षर बारीक आहे," मी म्हणालो. "तुमच्या टाइपिंगवाल्या अंजलीताईंना वाचायला जमणार नाही. मी चौथं प्रकरण सुवाच्य लिहून देतो."

"लई उपकार होतील, काका."

ते गेले आणि मला कळले की मी काय करणार आहे. आधी ठरवले नव्हते. शप्पथ. पण कळले तेव्हा दचकलोही नाही.

चौथ्या प्रकरणात सावळाराम नावाचा पाटकरी आहे. आप्पासाहेबांनी त्याला दोन ओळींत आणला आणि दोन ओळींत घालवून दिला आहे. तो येतो, चारीचे दार उचलतो, पाणी सोडतो आणि जातो. पुढे सगळी कथा पाणी मिळालेल्या माणसांची. दिवाळीच्या सुटीत घरी जेवणाच्या पाटावर कागद ठेवून मी ते प्रकरण उतरवायला बसलो, आणि सावळाराम जिथे जिथे जवळपास असू शकेल तिथे एकेक वाक्य माझे घातले. एका पानावर एक, दोन पाने सोडून आणखी एक. अकरा वाक्ये झाली. प्रत्येक शब्द खोक्यांतून तपासून घेतला. आप्पासाहेबांनी कधी न वापरलेला एकही शब्द येऊ दिला नाही.

'सगळ्यांच्या पाळ्या त्याला पाठ होत्या, पण त्याची स्वतःची पाळी कुठल्याच यादीत नव्हती.'

हे वाक्य लिहिले तेव्हा अंगावर काटा आला. तेरा वर्षांत मी एक ओळ स्वतःची लिहिली नव्हती. मला काय हवे होते? मला हवे होते की यंत्र फसावे. सरांनी व्यासपीठावर उभे राहून माझे वाक्य आप्पासाहेबांचे म्हणून वाचावे, सगळ्या इंदापूरने माना डोलवाव्यात आणि मी मागच्या रांगेत बसून एकटाच हसावे. पुढे कधीतरी, सरांचे नाव झाल्यावर, सांगून टाकावे. एवढा नीच विचार मी इतक्या सुरेख अक्षरात कधी लिहिला नव्हता.

"आज लई खुशीत दिसताय," बानू म्हणाली. तिने करंज्यांची ताटली पुढे सरकवली. मी चार खाल्ल्या.

अंजलीताईंनी प्रकरण टाइप केले. पस्तिशीची बाई, नवरा अपघातात गेलेला, दोन मुली पदरात. पानामागे ठरलेल्या पैशांवर काम करायच्या आणि त्याच कामावरून कॉलेजात कायमची जागा मिळेल या आशेवर होत्या. टाइप करून झाल्याबरोबर मी माझे कागद परत मागून घेतले. "जपून ठेवायचे आहेत," म्हणालो.

पंधरा दिवस काही झाले नाही. मी रोज काहीतरी निमित्त काढून कॉम्प्युटरच्या खोलीवरून जायचो. सर पडद्याला नाक लावून बसलेले असायचे. एकदा त्यांनी हाक मारली. "काका, चौथ्या प्रकरणात काहीतरी गडबड वाटतीय. आकडे बसत न्हाईत."

"कसले आकडे?"

"बघतो आणखी. बावड्याच्या वाचनालयात एक जुनी प्रत हाय म्हणं. रविवारी जाऊन येतो."

बावडा! माझे गाव, आणि तिथे ती प्रत आहे हे मला माहीत नव्हते. त्या वाचनालयाची पायरी मी वीस वर्षे चढलो नव्हतो. सोमवारी मी तापाचे निमित्त करून घरी राहिलो. मंगळवारी कामावर गेलो तर काउंटरसमोर अंजलीताई उभ्या. डोळे सुजलेले.

"काका, मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं."

"कोणी?"

"विभागप्रमुखांनी. त्या पुस्तकात न्हाईत अशी अकरा वाक्यं मी टायपात घुसडली म्हणं. मी कविता लिहिती ते त्यांना कुणीतरी सांगितलंय. म्हणले, हौस भागवायला दुसऱ्याची कादंबरीच सापडली का?" त्यांनी पदराने नाक पुसले. "काका, तुमचे ते कागद दाखवा की त्यांना. म्हंजे कळंल मी जसं हुतं तसंच मारलंय."

मी म्हणालो, "घरी बघतो."

 त्या "बरं काका, लवकर बघा" म्हणून गेल्या. जाताना माझ्या टेबलावरून पडलेला पेनसुद्धा उचलून जागेवर ठेवून गेल्या.

घरी दोन वह्या आणि एक कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर होता. वह्या चौऱ्याऐंशीच्या. त्यांत सावळाराम येतो, दार उचलतो आणि जातो. एक अक्षर जास्त नाही. ती वही दाखवली की मी साफ सुटत होतो. वरून सगळे म्हणाले असते, बनसुडेंची वही किती चोख. गठ्ठा चुलीत घातला की संपले. बानू जवळच मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळे सांगितले. सांगितले नसते तर बरे, असे सांगताना वाटत होते.

तिने मेथीची काडी खाली ठेवली. "त्या बाईच्या पोरी कितवीला हायेत?"

"एक पाचवीला, एक दुसरीला."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. ओरडली असती तर मी भांडलो असतो आणि भांडणात कदाचित वाचलो असतो.

बुधवारी मी पिशवीत दोन्ही घेऊन निघालो. वही आणि गठ्ठा. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या आणि तरीही ठरले नव्हते. सरांनी वर पाहिले. मी पिशवीत हात घातला आणि गठ्ठा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"अंजलीताईंनी यातूनच टाइप केलं. यात जे आहे ते मी लिहिलंय."

सरांनी पाने चाळली. मग ड्रॉवरमधून एक छापलेला कागद काढून माझ्यासमोर सरकवला. माझी अकरा वाक्ये एकाखाली एक होती. वर नुसते 'वगळलेली' असे लिहिले होते.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पण तुमच्यावर संशय घेववंना."

"यंत्राला कळलं कसं? शब्द तर सगळे त्यांचेच आहेत. एकेक तपासून घेतलाय."

"शब्द त्यांचेच हायेत, काका. पण आप्पासाहेब 'पण' वापरत न्हाईत." ते थांबले. "म्हंजे जवळजवळ वापरतच न्हाईत. हजार शब्दांत दोनदा, फार तर तीनदा. जिथं आपण 'पण' म्हणू तिथं ते 'आणि' लिहितात. पाणी आलं आणि पीक जळालं. चारी पुस्तकांत तसंच. आणि या एका प्रकरणात अचानक दहा जास्तीचे 'पण'. तुमच्या अकरांपैकी दहा वाक्यांत."

मी कागद पाहिला. खरेच होते. एकामागून एक. एकोणीस खोक्यांत 'पण'चे एकही कार्ड नव्हते. मी तो शब्द मोजायच्या लायकीचाच धरला नव्हता आणि आयुष्यभर तोच बोलत आलो होतो. सर हुशार, पण. बानू चांगली, पण. नोकरी आहे, पण.

"का केलंत?" सरांनी विचारले. आवाज चढला नव्हता. "माझे तीन आठवडे गेले. त्या बाईची रोजीरोटी गेली असती. मी तुमच्याकडून पुस्तकं नेऊन शिकलोय, काका. माझ्या बाला पण तुमचं नाव म्हाईत हाय."

"जळलो तुमच्यावर," मी म्हणालो.

 मलाही हे इतके सरळ निघेल असे वाटले नव्हते. शेवटी मी प्रकाशकाच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली, नक्कल वाटते म्हटल्याची.

"ही नक्कल न्हाय," सर तुटकपणे म्हणाले. अजून रागातच होते. "कुठल्याच आकड्यात ही वाक्यं आप्पासाहेबांच्या जवळ जात न्हाईत. म्हणून तर सापडली. नक्कल असती तर मला कळलंबी नसतं."

मी खाली पाहिले. त्यांनी मला सुनावले होते, आणि तेरा वर्षांत माझ्या लेखनाबद्दल कुणी बोललेले ते सगळ्यात चांगले वाक्य होते.

"लेखात मला हे लिहावं लागंल," सर म्हणाले. "चौथं प्रकरण तपासून दुरुस्त केलं, का केलं, ते तळटिपेत. 'प्रतीतील दोष' एवढंच म्हणता येईल."

"मग लोक टाइप करणारीचा दोष धरतील."

"धरतील."

"माझं नाव टाका."

"काका, गौरवग्रंथ हाय. सगळा तालुका वाचंल."

"पूर्ण नाव टाका. बावड्याचं म्हणून टाका."

अंजलीताई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मला लेखी ताकीद मिळाली आणि ग्रंथालयातून काढून परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसवले. अंजलीताई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे बरोबरच आहे.

इंदापूरचा समारंभ जानेवारीत झाला. मी गेलो नाही. बानू शेजारणींबरोबर नवी साडी नेसून गेली आणि ग्रंथ घेऊन आली. सरांचा लेख पान एकशे बेचाळीसवर, तळटीप एकशे एकावन्नवर. 'या प्रकरणाच्या हस्तलिखित प्रतीत श्री. महिपती बनसुडे, बावडा, यांनी स्वतःची अकरा वाक्ये घातली होती. ती मोजणीतून वगळली आहेत.' खाली, मी न मागता, सरांनी अकराही वाक्ये बारीक टायपात छापली होती. माझे छापून आलेले एवढेच.

त्यानंतर दोन महिने मी भवानीनगरला गेलो नाही. तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी आप्पासाहेबांची सून रेश्मा हिचा कॉलेजात फोन आल्याचा निरोप शिपायाने दिला. पेपर वाचायला माणूस नाही, या म्हणून.

रविवारी गेलो तर ओट्यावर सतरंजी घातलेली होती. आप्पासाहेब भिंतीला टेकून बसले होते, मान किंचित वर, न दिसणाऱ्या माणसांची असते तशी.

"महिपती व्हय?"

"व्हय, आप्पा."

"बस. पेपर ऱ्हाऊ दे. सूनबाईनं तळटीप वाचली मला. त्यातली वाक्यं तिनं गडबडीत वाचली. तू वाच."

ग्रंथ तिथेच पडला होता. मी पान काढले. हात धोतराला पुसले. वाचायला लागलो.

"'सावळारामनं दार उचललं आणि पाणी सोडलं, पण हात पाण्यात घातला नाही. सगळ्यांच्या पाळ्या त्याला पाठ होत्या, पण त्याची स्वतःची पाळी कुठल्याच यादीत नव्हती.'"

आप्पासाहेबांनी तळहात कानामागे धरला. मी पुढे वाचत गेलो. सावळाराम चारीच्या कडेने घरी निघाला, पण पाणी ज्या बाजूला धावत होते तिकडे नाही. लोकांनी त्याला रामराम केला, पण थांबला कुणी नाही.  

"'बायकोनं विचारलं, आज कुणाला पाणी? त्यानं नाव सांगितलं, पण आवाज नीट निघाला नाही. त्याला राग आला नव्हता, पण ताट पुढं घेऊन तो नुसताच बसून राहिला.'"

अकरावे वाक्य संपले. मी पुस्तक मिटले नाही, पान धरूनच बसलो. रस्त्यावरून उसाची एक गाडी कुरकुरत गेली. 

"ह्यातलं एक बी माझं न्हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"न्हाय, आप्पा."

"मला निस्ता दार उचलायला माणूस पायजे हुता. त्याला बायकू हाय ह्ये मला ठावंच नव्हतं."

"चुकलं माझं, आप्पा. माफी मागायला..."

त्यांनी हात हलवून मला गप्प केले. भुवया आवळल्या होत्या. रागावले असतील असे मला वाटले आणि मी उठायच्या बेतात होतो.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय, आप्पा?"

"जेवला का न्हाय त्यो?"

मला माहीत नव्हते. या माणसाने कुठल्या पानावर कुणाच्या तोंडी कुठला शब्द घातला ते मी झोपेतही सांगितले असते. सावळाराम त्या दिवशी जेवला की तसाच उठला, हे मी कधी मनात आणलेच नव्हते. आप्पासाहेबांनी कानामागचा हात काढला नाही. ते माझ्याकडे तोंड करून थांबले होते.